ब्रँडीच्या पिंपात मुरलेली अमेरिकन सिंगल माल्ट व्हिस्की : पहिल्यांदा चव घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

ज्यांनी अमेरिकन सिंगल माल्ट व्हिस्की पूर्वी कधी चाखलेली नाही, त्यांच्या हाती पहिलीच बाटली ब्रँडीच्या पिंपात मुरवलेली आली, तर गोंधळ होणे स्वाभाविक आहे. एकाच पेल्यात सातूचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, असतो, त्याच्या आंबवणातून आलेली फळांची छटा असते, व्हिस्की आधी ज्यात मुरली त्या पहिल्या पिंपाचे लाकूड असते आणि या सर्वांवर, ती नंतर ज्यात ठेवली त्या ब्रँडीच्या रिकाम्या पिंपाचा थर चढलेला असतो. नवखा माणूस बाटलीवर 'ब्रँडी' हा शब्द वाचतो आणि त्यानंतर जाणवणारा प्रत्येक गोड, प्रत्येक फळासारखा स्वाद ब्रँडीच्या खात्यावर जमा करतो. त्यातले बरेचसे त्या खात्यावरचे नसते.

अशी व्हिस्की एकटी चाखू नये, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे. त्याच डिस्टिलरीची मूळ व्हिस्की, म्हणजे ब्रँडीच्या पिंपात न गेलेली, आणि थोडी चांगली ब्रँडी शेजारी ठेवून चाखल्यास कोणता गुण कोठून आला, हे कोणत्याही पूर्वानुभवाशिवाय ओळखता येते. पुढील पायऱ्या याच पद्धतीभोवती मांडल्या आहेत.

१. ही व्हिस्की म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्या

'अमेरिकन सिंगल माल्ट' या नावाला अमेरिकेत कायद्याची स्वतंत्र व्याख्या मिळाली ती अगदी अलीकडे. तेथील मद्यविषयक नियम करणाऱ्या टीटीबी या केंद्रीय कार्यालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम नियम प्रसिद्ध केला आणि तो १९ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यामागे २०१६ मध्ये नऊ डिस्टिलऱ्यांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या 'अमेरिकन सिंगल माल्ट व्हिस्की कमिशन' या संघटनेचा दीर्घ पाठपुरावा होता. या नियमानुसार व्हिस्की शंभर टक्के माल्ट केलेल्या सातूची, म्हणजे बार्लीची, असली पाहिजे. तिचे ऊर्ध्वपातन एकाच अमेरिकन डिस्टिलरीत आणि १६० प्रूफच्या, म्हणजे ८० टक्के अल्कोहोलच्या, मर्यादेत झाले पाहिजे. ती अमेरिकेतच ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात मुरली पाहिजे. आणि बाटलीत भरताना तिची तीव्रता किमान ४० टक्के असली पाहिजे.

चव घेणाऱ्याच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाचे कलम पिंपाविषयी आहे. मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या बर्बन या अमेरिकन व्हिस्कीला नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप अनिवार्य असते. सिंगल माल्टला मात्र नवे जाळलेले, नवे न जाळलेले किंवा आधी वापरलेले, यांपैकी कोणतेही पिंप चालते. ब्रँडीच्या जुन्या पिंपाला या नियमात मोकळी वाट मिळते ती येथे. स्कॉटलंडप्रमाणे तीन वर्षांची किमान मुदत येथे नाही आणि तांब्याच्या पॉट स्टिलची, म्हणजे हंड्यासारख्या ऊर्ध्वपातन-पात्राची, सक्तीही नाही, त्यामुळे दोन अमेरिकन सिंगल माल्टमध्ये जितके अंतर असू शकते, तितके अंतर नवख्याला अपेक्षित नसते. एका बाटलीवरून संपूर्ण प्रकाराविषयी मत बनवू नये.

ब्रँडीशी असलेले नाते मात्र या नियमापेक्षा बरेच जुने आहे आणि मला या विषयातील तेच सर्वांत मोलाचे वाटते. अमेरिकेत सिंगल माल्टची सुरुवात करणारे काही कारागीर मुळात फळांची ब्रँडी काढणारे होते. यॉर्ग रुप्फ या जर्मन गृहस्थांनी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सेंट जॉर्ज स्पिरिट्स सुरू केली ती फळांच्या ब्रँडीसाठी. तिची सिंगल माल्ट २००० साली बाजारात आली. ओरेगनमध्ये स्टीव्ह मॅकार्थी यांनी १९८५ मध्ये क्लिअर क्रीक डिस्टिलरी काढली ती पेअरच्या ब्रँडीसाठी, आणि नव्वदच्या दशकात तेथूनच स्कॉटलंडहून आणलेल्या, पीटच्या (दलदलीतील वनस्पतिजन्य इंधनाच्या) धुरातील माल्टची 'मॅकार्थीज' ही सिंगल माल्ट निघाली. न्यू मेक्सिकोतील सँटा फे स्पिरिट्सचा आरंभही सफरचंदाच्या ब्रँडीच्या कल्पनेतून झाला. मेस्किट लाकडाच्या धुरात काही माल्ट वाळवून केलेली त्यांची 'कोल्केगन' सफरचंदाच्या ब्रँडीच्या पिंपातही मुरवली गेली आहे. फळाचा गंध जपत ऊर्ध्वपातन करण्याची सवय असलेल्या हातांनी सातू हाताळला, म्हणून या व्हिस्कींमध्ये फळाकडे झुकणारा कल मुळातच आढळतो. पिंपाचा परिणाम त्यानंतर सुरू होतो.

२. बाटलीवरील मजकूर पूर्ण वाचा

पेला हाती घेण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात.

- तीव्रता : अमेरिकन बाटलीवर टक्क्यांबरोबर अनेकदा प्रूफही दिलेले असते. प्रूफ हे टक्क्यांच्या दुप्पट असते. ९२ प्रूफ म्हणजे ४६ टक्के.
- 'स्ट्रेट' हा शब्द : तो असल्यास व्हिस्की किमान दोन वर्षे मुरलेली आहे. चार वर्षांपेक्षा कमी वयाच्या व्हिस्कीवर वय लिहिणे अमेरिकेत बंधनकारक आहे.
- रंग : कॅरॅमलचा रंग घालण्यास नव्या नियमात परवानगी आहे, परंतु तसे लेबलवर सांगावे लागते.
- पहिले पिंप : नवे जाळलेले, की बर्बनचे वापरलेले.
- दुसरे पिंप : कोणत्या ब्रँडीचे, आणि त्यात किती काळ ठेवले.

शेवटच्या दोन गोष्टी पुष्कळदा लेबलवर पूर्ण दिलेल्या नसतात. अशा वेळी डिस्टिलरीच्या माहितीपत्रकात त्या शोधाव्यात किंवा चाखण्याच्या दालनात थेट विचाराव्यात. विचारणाऱ्याला तेथील माणसे आनंदाने सांगतात. जुन्या लेबलांना नव्या नियमाशी जुळवून घेण्यासाठी १९ जानेवारी २०३० पर्यंत मुदत आहे. त्यामुळे दुकानात शेजारी शेजारी असलेल्या दोन बाटल्यांवर 'सिंगल माल्ट' हे शब्द एकाच काटेकोर अर्थाने छापलेले असतीलच, असे तोपर्यंत धरून चालू नये.

३. पिंप कोणत्या ब्रँडीचे, हे निश्चित करा

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत येथे होते, कारण 'ब्रँडी' या एका नावाखाली परस्परांशी फारसे साम्य नसलेली पेये येतात आणि त्यांच्या पिंपांचे लाकूडही वेगवेगळे असते.

कोन्याक या फ्रान्समधील द्राक्ष-ब्रँडीचे पिंप हे फ्रेंच ओकचे असते, बहुधा लिमुझँ किंवा त्रोन्से येथील जंगलातील लाकडाचे. लिमुझँचे लाकूड जाड रेषांचे असते आणि त्यातून तुरटपणा देणारे टॅनिन अधिक उतरते. त्रोन्सेचे बारीक रेषांचे आणि सौम्य असते. ही पिंपे आगीवर शेकलेली असतात, बर्बनच्या पिंपाप्रमाणे आतून कोळसा होईपर्यंत जाळलेली नसतात. अशा पिंपातून व्हिस्कीत बेदाणे, सुकवलेले जर्दाळू, संत्र्याची साल, थोडे जायफळ आणि जिभेच्या कडांना जाणवणारा तुरटपणा येतो. आर्मान्याक या दुसऱ्या फ्रेंच द्राक्ष-ब्रँडीचे पिंप याच कुळातील असले तरी त्याचा ठसा अधिक रांगडा असतो आणि सुकवलेल्या आलुबुखाऱ्याची आठवण करून देतो.

कॅलिफोर्नियाच्या द्राक्ष-ब्रँडीच्या पिंपाचा अंदाज बांधणे अधिक कठीण असते. मेंडोसिनो परगण्यातील जर्मेन-रोबँ या डिस्टिलरीने १९८२ पासून कोन्याकची पद्धत नेऊन पिनो न्वारसारख्या उत्तम द्राक्षांची ब्रँडी काढली, तर मोठ्या कारखान्यांची ब्रँडी हलकी असते आणि अनेकदा बर्बनच्या जुन्या पिंपात मुरते. ब्रँडीचे म्हणून विकत घेतलेले पिंप त्याआधी बर्बनचे असेल, तर व्हिस्कीला त्यातून द्राक्षाबरोबर व्हॅनिला आणि खोबऱ्याची छटाही मिळू शकते. अमेरिकन नियमानुसार द्राक्षाची ब्रँडी ओकमध्ये दोन वर्षांपेक्षा कमी राहिली असेल, तर तिला लेबलवर 'अपरिपक्व' म्हणावे लागते. तसा शब्द नसलेल्या द्राक्ष-ब्रँडीने ओकमध्ये किमान दोन वर्षे काढलेली असतात, एवढी खात्री बाळगता येते.

सफरचंदाच्या ब्रँडीचे पिंप हा अमेरिकेचा खास वारसा आहे. न्यू जर्सीतील लेअर्ड कुटुंबाची कंपनी आपला व्यवसाय १७८० पासूनचा असल्याचे सांगते. येथे सुकामेव्यापेक्षा भाजलेले सफरचंद, दालचिनी आणि किंचित आंबटपणा अपेक्षित धरावा.

फळाची स्वच्छ, रंगहीन ब्रँडी लाकडात मुरतच नाही. पेअरची किंवा चेरीची पारदर्शक ब्रँडी काचेत अथवा पोलादी टाकीत ठेवली जाते, त्यामुळे 'ब्रँडीच्या पिंपात मुरवलेली' हे शब्द वाचून पेअरचा ताजा सुगंध शोधत बसू नये.

४. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

साहित्य फारसे लागत नाही, पण जे लागते ते नेमके असावे.

- एकाच आकाराचे तीन पेले, वर निमुळते होत गेलेले. ग्लेनकेर्न पेला उत्तम; नसल्यास लहान वाइन ग्लास चालतो. रुंद तोंडाचा सरळ पेला घेऊ नये, त्यातून सुगंध उडून जातो आणि अल्कोहोल नाकात शिरते.
- प्रत्येकी १५ मिलिलिटर मोजण्यासाठी माप.
- ड्रॉपर आणि क्लोरीनचा वास नसलेले पिण्याचे पाणी.
- तोंड निवळण्यासाठी साधे कुरमुरे, बिनमसाल्याचा खाकरा किंवा पाव.
- पेले झाकण्यासाठी लहान बशा, वही आणि पेन्सिल.

कागदपत्रांची बाजूही दुर्लक्षू नये. अमेरिकेत मद्य घेण्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते आणि डिस्टिलरीच्या दालनात ओळखपत्र मागितले जाते. परदेशातून आलेल्याने मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. व्हिस्की कुरिअरने थेट ग्राहकाकडे पाठवण्याबाबत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे आणि अनेक राज्यांत त्याला मनाई आहे, म्हणून मोजक्या संख्येने निघणारी बाटली शक्यतो डिस्टिलरीतूनच घ्यावी. महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या मद्यासाठी किमान वय २५ आहे आणि १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार सेवनासाठी परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून ओळख, वय आणि पत्ता यांच्या पुराव्यावर मिळतो.

बाटली भारतात आणणाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या मर्यादा लक्षात ठेवाव्यात. अमेरिकेतून निघताना २४ ते ७० टक्के तीव्रतेचे मद्य दुकानातील मूळ, न उघडलेल्या पॅकिंगमध्ये आणि चेक-इन सामानात प्रतिप्रवासी ५ लिटरपर्यंत नेता येते. भारतात उतरताना शुल्काविना सूट मात्र २ लिटरचीच आहे. अमेरिकन बाटली बहुधा ७५० मिलिलिटरची असते, त्यामुळे दोन बाटल्या सूटीत बसतात आणि तिसरी बसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने आयात शुल्कात केलेली कपात केवळ बर्बनसाठी होती. सिंगल माल्ट ही बर्बन नसल्यामुळे त्या कपातीचा लाभ तिला गृहीत धरू नये.

५. खोली आणि तोंड दोन्ही स्वच्छ ठेवा

आपल्या घरांत ही अट पाळणे सर्वांत अवघड असते. फोडणीचा वास पडद्यांत तासन्‌तास टिकतो आणि उदबत्ती किंवा धूप पेटवलेल्या खोलीत चंदनाखेरीज काहीच ओळखता येत नाही. स्वयंपाकघरापासून दूरची, हवा खेळती असलेली खोली निवडावी. अत्तर लावू नये. त्याआधीचा तासभर कच्चा कांदा, लसूण, पान, सुपारी आणि पुदिन्याची टूथपेस्ट टाळावी. पोट रिकामे नसावे, परंतु तिखट जेवणानंतर लगेच बसू नये, कारण मिरचीने भाजलेली जीभ अल्कोहोलचा दाह दुप्पट करून सांगते. ज्यांना औषधे चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बसावे, आणि त्या दिवशी गाडी चालवायची असेल तर हा बेत पुढे ढकलावा.

६. तीन पेले मांडा

पहिल्या पेल्यात त्याच डिस्टिलरीची मूळ सिंगल माल्ट, दुसऱ्यात ब्रँडीच्या पिंपात मुरवलेली आणि तिसऱ्यात ब्रँडी, असे प्रत्येकी १५ मिलिलिटर ओतावे. एकूण ४५ मिलिलिटर होते. एका बैठकीला तेवढे पुरेसे आहे. पेल्यांवर बशा ठेवून दहा मिनिटे थांबावे. बर्फ घालू नये.

मूळ व्हिस्की मिळाली नाही, तर माल्ट आणि पहिले पिंप यांबाबत शक्य तितकी जवळची दुसरी अमेरिकन सिंगल माल्ट घ्यावी. उदाहरणार्थ, दुसऱ्या पेल्यातील व्हिस्की आधी नव्या जाळलेल्या ओकमध्ये मुरली असेल, तर तुलनेसाठी डेन्व्हरची स्ट्रानाहान्स योग्य ठरते, कारण तिचा पायाही तसाच आहे. स्कॉच तुलनेला ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग हवामान, लाकूड, यीस्ट असे सगळेच एकदम बदलते आणि ब्रँडीच्या पिंपाचा हिशेब लागत नाही.

तिसऱ्या पेल्याबाबत महाराष्ट्रातील वाचकांना एक विशेष सूचना आहे. आपल्याकडे सामान्यतः विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ब्रँडीचा पाया उसाच्या मळीपासून काढलेले तटस्थ मद्यार्क असतो आणि द्राक्षाचा अंश त्यात थोडा असतो. ती ब्रँडी येथे उपयोगाची नाही. साधी व्हीएस, म्हणजे कमी मुरलेल्या दर्जाची, कोन्याक चालेल. पिंप सफरचंदाच्या ब्रँडीचे असेल, तर फ्रान्सची काल्वादोस किंवा अमेरिकेची सफरचंदाची ब्रँडी घ्यावी.

७. आधी केवळ वास घ्या

क्रम असा ठेवावा : पहिला पेला, तिसरा पेला, आणि शेवटी दुसरा. दोन्ही टोके ओळखीची झाल्यावर मधला पेला वाचणे सोपे जाते.

पेला हनुवटीजवळून हळूहळू वर आणावा आणि ओठ किंचित उघडे ठेवून छोटे छोटे श्वास घ्यावेत. नाक पेल्यात खुपसून दीर्घ श्वास घेतल्यास अल्कोहोलने नाक बधिर होते आणि पुढील काही मिनिटे वाया जातात. नाक थकल्यासारखे वाटले, तर स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूचा वास घ्यावा. परिचित वासाने नाक पुन्हा ताळ्यावर येते.

सुगंधांना इंग्रजी पुस्तकांतील नावे देण्याचा आग्रह धरू नये. ज्याने ब्लॅककरंट कधी खाल्ले नाही, त्याने ते वहीत लिहून काही साधत नाही. सातूचे भाजलेले पीठ, काकवी, गुळांबा, मनुका, सुके अंजीर, पिकलेला चिकू, खारीक, वेलदोडा, ओल्या नारळाची वडी, हिरडा, जुन्या लाकडी कपाटाचा आतला वास हे आपल्या स्मरणातील संदर्भ अधिक नेमके आहेत, आणि पुढच्या वेळी वही उघडल्यावर ते लगेच जिवंत होतात.

८. छोटा घोट घ्या आणि तोंडात फिरवा

पहिला घोट केवळ तोंडाला सवय होण्यासाठी असतो, त्यावरून काहीही ठरवू नये. दुसरा घोट साधारण अर्धा चमचा घ्यावा, जिभेवर सर्वत्र फिरवावा आणि सात-आठ सेकंदांनी गिळून नाकाने श्वास सोडावा. त्या सोडलेल्या श्वासात सुगंधाचा मोठा भाग परत येतो.

या टप्प्यावर तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली म्हणजे पोत : ब्रँडीच्या पिंपातील व्हिस्की मूळ व्हिस्कीपेक्षा अधिक गोलसर लागते का, की केवळ अधिक गोड भासते? दुसरी म्हणजे तुरटपणा : कच्चे जांभूळ खाल्ल्यावर गालांच्या आतून जो कोरडेपणा येतो, तसा तो येथे कितपत आहे? फ्रेंच ओकमध्ये तो थोडा असणे हे लक्षण चांगले आहे. मात्र तो इतर चवी झाकू लागला, तर व्हिस्की त्या पिंपात गरजेपेक्षा जास्त राहिली असे समजावे. तिसरी म्हणजे मागे राहणारी चव : घोट गिळल्यानंतर आधी फळ विरते की आधी सातू? उत्तम बाटलीत फळ मध्येच उजळते आणि शेवटी सातू पुन्हा वर येतो. शेवटी केवळ मनुकांचा गोडवा उरला आणि धान्याचा मागमूस राहिला नाही, तर पिंपाने व्हिस्कीवर मात केली आहे, असा माझा स्पष्ट कौल असतो, मग तिला कितीही पारितोषिके मिळालेली असोत.

९. पाणी मोजून घाला

पाणी घालणे हा व्हिस्कीचा अपमान आहे, ही समजूत सोडून द्यावी. ५० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून तीव्र व्हिस्कीत पाण्याशिवाय फळांचे अनेक सुगंध दडून राहतात. परंतु अंदाजाने ओतणे हा मार्ग नव्हे.

वीस थेंबांचे साधारण १ मिलिलिटर होते. ५० टक्क्यांच्या १५ मिलिलिटर व्हिस्कीत दहा थेंब घातले, तर तीव्रता सुमारे ४८.४ टक्के होते, एकूण २.५ मिलिलिटर घातले, तर सुमारे ४३ टक्के. ६० टक्क्यांची व्हिस्की असेल, तर त्याच १५ मिलिलिटरला ३ मिलिलिटर पाणी घातल्यावर ती बरोबर ५० टक्क्यांवर येते. दर वेळी दहा थेंब घालावे, मिनिटभर थांबावे आणि पुन्हा वास घ्यावा. पहिल्या दोन्ही पेल्यांची तीव्रता शेवटी सारखी करावी, अन्यथा तुलना पिंपांची न होता तीव्रतेची होते. बहुतेकांची तुलना याच ठिकाणी बिघडते.

पाण्याने व्हिस्की किंचित धूसर झाली, तर घाबरू नये. थंड करून गाळलेली नसलेली व्हिस्की तीव्रता ४६ टक्क्यांच्या खाली गेली की अशी दिसू शकते. त्यात चवीचा दोष नाही.

१०. कोणता गुण कोठून आला, हे ठरवा

या पायरीला घाई करू नये. दुसऱ्या पेल्यात जाणवलेली प्रत्येक गोष्ट पहिल्या आणि तिसऱ्या पेल्यात शोधावी आणि वहीत तिच्यापुढे तिचे मूळ लिहावे. पुढील बाबतीत चूक हमखास होते.

कोको आणि कॉफी. हे स्वाद गडद पिंपाचे वाटतात, पण अनेक अमेरिकन डिस्टिलऱ्या बिअरसाठी वापरतात तसे भाजलेले माल्ट वापरतात. सिअ‍ॅटलच्या वेस्टलँडच्या मूळ कृतीत फिक्या माल्टबरोबर म्युनिक, ब्राउन आणि चॉकलेट असे माल्ट मिळून पाच प्रकार असतात. कोको पहिल्या पेल्यातही असेल, तर तो माल्टचा आहे.

व्हॅनिला आणि खोबरे. खोबऱ्याची छटा देणारे घटक अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये विशेष असतात, आणि लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिला तयार होते. नव्या जाळलेल्या पिंपात या दोन्ही ठळक होतात. ब्रँडीला त्याचे श्रेय देऊ नये.

केळे, पेअर, सफरचंद. ताज्या फळाचा वास बहुतांशी आंबवणाच्या वेळी यीस्टने तयार केलेल्या एस्टर या सुगंधी संयुगांतून येतो. पोर्टलंडची वेस्टवर्ड तर एल बिअरचे यीस्ट वापरून हा गुण मुद्दाम वाढवते. म्हणून ताजे फळ आंबवणाकडे आणि सुकवलेले किंवा शिजवलेले फळ ब्रँडीच्या पिंपाकडे, अशी प्राथमिक विभागणी करावी. सफरचंदाच्या ब्रँडीच्या पिंपात मात्र ही विभागणी डळमळीत होते. तेथे शिजवलेले सफरचंद आणि दालचिनी एकत्र आले, तरच ते पिंपाचे मानावे.

धूर. ब्रँडीच्या पिंपातून धूर येत नाही. तो पीटचा, मेस्किटचा किंवा सेंट जॉर्ज वापरते तशा आल्डर आणि बीच लाकडाचा असतो, आणि माल्ट वाळवतानाच त्यात शिरलेला असतो.

रंग. लालसर छटा पाहून ब्रँडीचा अंश भरपूर उतरला, असे म्हणू नये. टेक्सासमधील बॅल्कोनेससारख्या उष्ण प्रदेशातील डिस्टिलरीत लाकूड फार वेगाने उतरते. गोव्यात कुंकळ्ळी येथे बनणाऱ्या पॉल जॉनची चव ज्यांनी घेतली आहे, त्यांना उष्ण हवेत कमी वर्षांत आलेला गडदपणा परिचित असेल. रंगावरून हवामान आणि लाकूड यांचा अंदाज बांधता येतो, ब्रँडीचा नाही.

या सगळ्या वजाबाकीनंतर जे उरते, ते खरे ब्रँडीच्या पिंपाचे देणे. बहुधा ते थोडेच असते : बेदाण्यांचा किंवा जर्दाळूचा गोडवा, फुलांची किंवा संत्र्याच्या सालीची हलकी झाक, मधल्या चवीत आलेला भरीवपणा. रिकाम्या झालेल्या पिंपाच्या लाकडात मुरून राहिलेली ब्रँडी आणि त्या लाकडाचा उरलेला अर्क, एवढ्यातूनच हे सारे येते. तेव्हा ते सौम्य असणे हे निराशेचे कारण मानू नये.

११. दोन-तीन दिवसांनी पुन्हा चाखा, आणि बाटली नीट ठेवा

नव्याने उघडलेली बाटली पहिल्या दिवशी पुष्कळदा आखडलेली असते. दोन-तीन दिवसांनी त्याच तीन पेल्यांची बैठक पुन्हा करावी, या वेळी कोणाकडून तरी पेल्यांखाली खुणा करून घेऊन, म्हणजे कोणता पेला कोणता हे न कळता. आधीच्या नोंदी या बैठकीपूर्वी वाचू नयेत. दोन्ही दिवशी स्वतंत्रपणे आढळलेल्या गोष्टींनाच वहीत पक्के स्थान द्यावे.

बाटली उभी ठेवावी, कारण तीव्र अल्कोहोल आडव्या बाटलीच्या बुचाला कुरतडते. तिला ऊन लागू देऊ नये. कोकणातील किंवा मुंबईतील उन्हाळ्यात गॅसपासून दूर, अंधाऱ्या कपाटाचा खालचा कप्पा उत्तम. एक तृतीयांशापेक्षा कमी व्हिस्की उरल्यावर आतील हवेने फळांचे स्वाद सर्वांत आधी मावळतात आणि लाकूड तेवढे शिल्लक राहते, म्हणून उरलेली व्हिस्की काचेच्या लहान, कोरड्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करावी आणि तिच्यावर नाव, तीव्रता व भरल्याची तारीख लिहून ठेवावी.